समुद्रावरच्या माणसाला कळवू नये

बर्का, मस्कतजवळ, ४ ऑक्टोबर २०२५

सलील,

काल एक चिनी सिनेमा बघायला गेले आणि अर्ध्यातून उठून बाहेर आले. म्हणून हे पत्र.

कोण लिहितंय ते अक्षरावरून कळलं असेलच. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण सोबत पाण्याचे कॅन पाठवलेत, ते आधी वर घे. पाण्याशी तुझं भांडण नाही.

सिनेमा ऋचाने निवडला. "ममा, फिशरमेन आहेत, यू विल लाइक इट," म्हणाली. सोळा वर्षांची झाली, अजून मराठीचं एक वाक्य धड पुरं करत नाही. राजीव पॉपकॉर्नसाठी आला. दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट आहे, खरी घडलेली म्हणे. एका जपानी जहाजाच्या तळाशी ब्रिटिश कैदी कोंबलेले असतात. आत माणसं आहेत हे माहीत नसलेली अमेरिकन पाणबुडी त्याच्यावर टॉर्पेडो सोडते. जहाज कलायला लागतं तेव्हा जपानी सैनिक काय करतात, तर वरची झाकणं फळ्या ठोकून बंद करतात. आणि समोरच्या बेटावरचे कोळी किनाऱ्यावर उभे राहून ते जहाज बघत असतात. त्यांच्याकडे एवढ्याएवढ्या होड्या.

तेवढंच बघितलं मी. दार ढकलून बाहेर आले. राजीव मागोमाग आला. "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "सलील बर्क्यासमोर आहे." तर म्हणतो, "माहितीये. तू कधी तोंड उघडतेस याची वाट बघत होतो."

मलाही माहीत होतं. आमच्या मराठी मंडळातली देविका अडकलेल्या खलाशांसाठी धावपळ करते, तिने ग्रुपवर मेसेज टाकला होता. बर्क्यासमोर एक मालवाहू जहाज नांगरून पडलंय, मालकाने हात वर केलेत, आत सहा माणसं आहेत, डिझेल संपलंय, पाणी संपत आलंय. व्हिसा नाही म्हणून किनाऱ्यावर पाय ठेवता येत नाही आणि जहाज सोडून पळालात तर केस तुमच्यावरच. खाली नावं. सेकंड इंजिनियरच्या जागी तुझं. मी वाचलं, फोन पालथा ठेवला आणि भेंडी चिरायला घेतली. आठवडाभर भेंडीच चिरत होते म्हण ना.

आज सकाळी गाडी काढून बर्क्याला आले. होड्या लागतात तिथे खल्फान म्हणून एक बलुची म्हातारा भेटला. कोस्ट गार्डला सांगून तोच तुम्हाला पाणी पोचवतो हे इथे कळलं. त्याला म्हटलं, माझा भाऊ आहे त्या जहाजावर. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तो तू इतने दिन किधर थी, बहन?" मी पर्समधून कागद काढला. होडीत बसून हे लिहिते आहे. तो इंजिन चालू करून माझ्याकडे बघतोय.

फोन पाठवू का? चार्जिंगचंही काहीतरी करते. कळव.

रेखा


माबेला, मस्कत, ११ ऑक्टोबर

सलील,

"पाणी मिळाले. आभारी आहे. फोन पाठवू नये. आपण बोललो की भांडतो."

आभारी आहे! मी काय नगरपालिका आहे? आणि 'पाठवू नये'! तीन वर्षांनी भाऊ लिहितो आणि वर 'ताई' एवढी दोन अक्षरंसुद्धा नाहीत. कागद सरळ फाडून टाकणार होते. मग राजीव म्हणाला, तो चूक काय बोलला, भांडताच तुम्ही. तेही खरंच. तर राहू दे फोन, लिहूनच भांडू.

खल्फान सांगत होता तू फार बारीक झालायस, दाढी वाढलीय. त्याला विचारलं, तब्येत कशी आहे, तर म्हणाला, "आवाज अच्छा है." म्हणजे तू त्याच्याशी बोलतोस. बरंय.

त्याला तो सिनेमा सांगितला मी. होडीला टेकून, हातवारे करून, माझ्या त्या धन्य हिंदीत. कोळी होड्या घालतात, पाण्यातून माणसं वर ओढतात, शेकड्यांनी, गोळ्या चालू असताना. म्हातारा जाळ्याच्या गाठी सोडवत ऐकत होता. शेवटी विचारलं, "लाए, ठीक. फिर खाने को क्या दिया?" मी बघितलंच नव्हतं तिथपर्यंत! घरी येऊन ऋचाला विचारलं, तर म्हणते, "राइस-वॉटर टाइप काहीतरी, ममा." पेज रे, पेज! फोन करून त्याला सांगितलं तेव्हा त्याचं समाधान झालं. म्हणाला, भिजलेल्या माणसाला तेच द्यायचं, रोटी नाही. आपले बाबा हेच म्हणाले असते. होडी हाकणारे तांडेल सगळे सारखेच, देश कुठलाही असो.

डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट घातलीय. गुलजार म्हणून तुमचा स्वयंपाकी आहे ना, त्यालाही दे. त्याने खल्फानकडे कांदे मागितले होते, तेही ठेवलेत.

घरी सगळं ठीक. कळवण्यासारखं वाईट काही नाही. असतं तरी कळवलं नसतं, तुला माहितीच आहे.

रेखा


माबेला, १८ ऑक्टोबर

सलील,

डबा परत आला. आत दोरीची विणलेली किल्लीची साखळी. तुझ्या हातची, गाठीवरून ओळखली, बाबा अशीच मारायचे. रिकामा डबा परत द्यायचा नाही हे विसरला नाहीस म्हणजे. भंगार जहाजावर अडकून पडलास, अंगावर धड कपडा नसेल, पण आईची शिस्त काही सुटली नाही! साखळी गाडीच्या किल्लीला लावली. ऋचाने विचारलं कुणी दिली, तर मी म्हटलं, मामाने. ती म्हणाली, "विच मामा?" एकच तर आहे.

तर आता दिवाळी. फराळ पाठवते आहे. चकल्या, चिवडा, शेव, खारे शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू. चकलीची भाजणी दापोलीहून मागवलेली आहे, इथल्या दुकानातली नव्हे. दोन दिवस नुसती तळत होते. राजीव म्हणाला, अगं सहा माणसं आहेत, पलटण नाही. म्हटलं, गप बस.

डब्याखाली ऋचाचा जुना टॅब आहे आणि चार्जिंगची बॅटरी. घाबरू नकोस, फोन नाही. त्यात तो सिनेमा भरलाय. मीही आता शेवटापर्यंत बघितला, घरी, दोनदा थांबवून. सगळ्यांनी मिळून बघा. बाजूला माणूस असलेला बरा.

आणि एक. भाऊबीज गुरुवारी आहे. मी खल्फानला विचारणार आहे, दोन तासांसाठी तुला आणतो का. कुणाला कळायचं कारण नाही. दुपारी जेवायचं आणि परत. तू नाही म्हणू नकोस, तुला विचारत नाहीये मी.

रेखा


बर्का, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

सलील,

"फराळ उत्तम होता. पण सगळे खारट असल्याने दोन दिवस पाणी जास्त लागले. लाडू मात्र पुरवून खाल्ले."

मेले मी! पाणी मोजून पिणाऱ्या माणसांना मी परातभर चकल्या आणि चिवडा पाठवला. खारे शंकरपाळेसुद्धा! कुठल्या शहाण्या बाईला सुचेल हे? आईने नुसतं बघितलं असतं माझ्याकडे, बोललीही नसती. राजीवला सांगितलं तर हसून हसून त्याला ठसका लागला, मग त्यालाच पाणी आणून द्यावं लागलं. आज जास्तीचे कॅन पाठवते आहे आणि कोकमाचं सार, बिनमिठाचं. मीठ तुमच्याकडे आजूबाजूला भरपूर आहे.

तू नाही म्हणण्याआधीच खल्फान नाही म्हणाला. इतका राग आला ना! मी त्याला विनवलं, दोन तास, माझं घर काही लांब नाही, गाडी इथेच उभी आहे. तो जाळं नीट करत बसला होता, वरही बघेना. म्हटलं, त्या सिनेमातल्या कोळ्यांनी गोळ्यांची पर्वा केली नाही आणि तुम्ही कोस्ट गार्डला घाबरता? बोलून गेले. मग त्याने जाळं खाली ठेवलं. म्हणाला, "बहन, तूने ही तो बताया. उन लोगों को बाद में वापस देना पड़ा."

खरं आहे ते. शेवटाकडे आहे बघ. दुसऱ्या दिवशी जपानी सैनिक बेटावर येतात आणि कोळ्यांच्या घराघरांतून त्या माणसांना परत घेऊन जातात. तिघांना तेवढं लपवून ठेवता येतं. हेही खरंच घडलेलं म्हणे.

"एक रोटी के वास्ते उतारूँ," खल्फान म्हणाला, "फिर इसी हाथ से वापस छोड़ के आऊँ? ये मेरे से नहीं होगा. एक बार लाऊँगा. खलास."

तो हट्ट मी सोडला. पण ओवाळायचं सोडलं नाही. संध्याकाळी राजीव आणि ऋचाला घेऊन परत आले. तुला एक सांगते. गेली दोन वर्षं मी भाऊबीजेला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळत होते, भाऊ जवळ नसला की ओवाळतात तसं. शेजारची फरिदा विचारायची, तुला भाऊ नाही का? मी म्हणायचे, आहे, पण बोटीवर असतो. भांडलोय म्हणून कधी सांगितलं नाही. आज वाळूत ताट घेऊन उभी राहिले, चंद्राची कोर पाठीमागे खजुरीच्या झाडांवर होती आणि समोर तुमचं जहाज. मी चंद्राकडे पाठ केली. वाऱ्याने निरांजन तीनदा विझलं, मग ऋचाने ओढणीचा आडोसा धरला आणि मी जहाजाला ओवाळलं. बाजूला होड्या ओढणारे लोक काम सोडून बघत होते. एकाने फोटोही काढला मेल्याने.

तुम्ही डेकवर टॉर्च हलवलात का? आम्हाला एक उजेड हललेला दिसला. ऋचा म्हणते तो दुसऱ्या बोटीचा होता. मी तिला गप्प केलं.

रेखा


माबेला, २९ ऑक्टोबर

सलील,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदाच दोन पानं लिहिलीस.

तुम्ही सहाजण टॅबभोवती बसलात आणि झाकणं ठोकण्याचा प्रसंग आला तेव्हा गुलजार उठून डेकवर गेला, हे वाचून टॅब पाठवला त्याचं वाईट वाटलं. मग पुढे लिहिलंस की कोळ्यांच्या होड्या आल्या तेव्हा त्याला हाका मारून परत बोलावलं आणि शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा जरा बरं वाटलं.

आणि मग तुझा तो प्रश्न. "त्या सिनेमातली एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. तळातल्या माणसांना कुणी सांगितलंच नाही की जहाज बुडतंय. आई आजारी असताना मी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तू म्हणालीस, ती बरी आहे, झोपली आहे. का?"

तुला वाटतं मी एकटीने ठरवलं. बंदरात लागल्यावर तुला ऑफिसच्या माणसाकडून कळलं, तेव्हा फोनवर ओरडलास, तू माझी आई गिळलीस, एकदा आवाज तरी ऐकवायचास. मी फोन ठेवला. मीच अग्नी दिला होता, नातेवाईक आधीच तोंडसुख घेऊन गेले होते, त्यात तू. उलट काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू आईवर रागावला असतास. गेलेल्या माणसावरचा राग काढायचा कुठे? त्यापेक्षा माझ्यावर रागावलेला बरा, मी निदान जिवंत आहे, असा विचार केला.

आईने बजावलं होतं रे. समुद्रावरच्या माणसाला घरचं वाईट कळवू नये, त्याचा हात चुकतो. आपल्या वाडीत कोण कळवायचं? आजी गेली तेव्हा बाबा खोल समुद्रात होते. बोट दिसल्याबरोबर आई डोळे पुसून, केसात अबोली माळून बंदरावर गेली, लांबून बघून त्यांना संशय येऊ नये म्हणून. दोर बांधून झाल्यावर सांगितलं. आपण दोघं तिच्या पदराला धरून उभे होतो, आठवतंय? मी तेच केलं. मरणाऱ्या आईचं ऐकायचं नाही तर कुणाचं?

हे झालं जुनं. आता नवं ऐक, आणि आधी खाली बस.

देविका काल घरी आली होती. तुमच्यासाठी विमानाची तिकिटं आलीत. पाच. सहावं नाही. जहाजावर एक तरी इंजिनियर ठेवलाच पाहिजे, नाहीतर ते वाऱ्याने किनाऱ्यावर येईल, असं जहाजाचा एजंट म्हणतो. म्हणजे तू. कधीपर्यंत, ते कुणी सांगत नाही. सोमवारी तो लाँच घेऊन येणार आहे. नुसती पोच आहे म्हणून तुझ्यासमोर एक कागद ठेवेल. पोच नाही ती. स्वखुशीने राखणीला राहतो असं त्यात आहे.

देविका म्हणाली, त्याला आत्ता सांगू नको, एकट्या माणसाचं डोकं फिरेल. राजीवचंही तेच मत पडलं. इंजिनाजवळ काम करतो, हात चुकला तर? आईसुद्धा हेच म्हणाली असती, मला पक्कं ठाऊक आहे. रात्रभर विचार केला. आईचा नियम मी आज मोडते आहे. तू विचारलंस म्हणून. आणि त्या झाकणांवरच्या फळ्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत म्हणून.

सही करायची की नाही ते तू ठरव. पण माहीत असून ठरव.

आणि सांभाळून राहा. हात चुकू देऊ नकोस, नाहीतर मी स्वतःला कधी माफ करणार नाही.

रेखा


बर्का, ३ नोव्हेंबर

सलील,

आज ऑफिसला दांडी मारून सकाळपासून इथे बसले आहे. लाँच जाताना बघितली आणि येताना बघितली. येताना एजंट एकटाच होता.

खल्फान जाऊन आला तेव्हा कळलं. तू सही केली नाहीस, हे मला अपेक्षित होतं. पण बाकीचे? खल्फान म्हणतो, पाचही जण सामान बांधून डेकवर उभे होते. तू त्यांना म्हणालास, तुम्ही जा. तर गुलजारने आपली पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. मग एकेकाने. जाऊ तर सगळे, असं एजंटला सांगितलंत.

त्यांच्या घरी लेकरं आहेत रे. गुलजारची मुलगी तो निघाला तेव्हा रांगत होती, असं तूच लिहिलं होतंस. मी सांगितलं नसतं तर आज रात्री ते पाचजण विमानात असते. देविका फोनवर चिडून म्हणाली, "बघितलंस? खलास झालं सगळं, आता ती तिकिटंही जातील." तिने किती खेटे घातलेत याच्यासाठी, तिचंही काही चुकत नाही.

आणि हा वारा. दुपारनंतर उत्तरेचा सुटलाय, वाळू डोळ्यात जातेय. इथले सगळे होड्या वर ओढताहेत. तुमचं जहाज दुपारी होतं तिथेच आहे ना? मला ते सरकल्यासारखं वाटतंय. खल्फानला विचारलं तर तोही डोळे बारीक करून बघतो आणि म्हणतो, "इन्शाल्ला पकड़ेगा." नांगर धरेल ना, सलील? तुला जे येतं ते सगळं कर.

हे पत्र आज जाणार नाही. खल्फान म्हणतो या वाऱ्यात कुणीच जाणार नाही. तरी लिहून ठेवते.

मी कळवलं ते बरोबर केलं की नाही, तू सांगेपर्यंत मला कळायचं नाही.

ताई


माबेला, ८ नोव्हेंबर

सलील,

तू हॉलमध्ये सोफ्यावर झोपला आहेस आणि मी स्वयंपाकघरातून तुला पत्र लिहिते आहे. ऋचाला हे भारी विनोदी वाटतंय. "ममा, ही इज राइट देअर!" म्हणत दोनदा येऊन गेली. तिला म्हटलं, तो उठेल, हळू बोल.

उठल्यावर विसरशील म्हणून लिहून ठेवते. एक रात्र नांगर सरकला, तुम्ही सहाजणांनी मिळून पाणी उपसायचा हातपंप चालवलात आणि दुसरा नांगर टाकायला जुना जनरेटर तू कसा कोण जाणे तासभर सुरू केलास, म्हणून जहाज खडकावर गेलं नाही. हे मला तू सांगितलं नाहीस, गुलजारने सांगितलं. त्या रात्रीनंतर बंदराच्या लोकांनीच ठरवलं की हे काही खरं नाही. त्यांनी स्वतःची राखणदार माणसं चढवली आणि तुम्हा सगळ्यांना उतरवायची परवानगी दिली. सहावं तिकीट देविकाने मंडळाकडून उभं केलं. मला फोन करून म्हणाली, "तूच बरोबर होतीस गं," आणि मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडले.

एजंटने लाँच पाठवली नाही. कोस्ट गार्डने खल्फानला विचारलं, आणतोस का? म्हाताऱ्याने त्या दिवशी पांढरा शुभ्र पायघोळ दिशदाशा घातला होता, इस्त्रीचा. मासे धरताना कधी बघितला नव्हता मी त्याला तसा. त्याच्या मुलाच्या होडीत पहिले तिघं आले आणि त्याच्या होडीत तुम्ही तिघं. तू सगळ्यात शेवटी उतरलास. पाण्यातच उभा राहिलास, गुडघ्यापर्यंत. मला वाटलं आता काहीतरी बोलशील, आणि मला भीती वाटली की नाही बोलणार. तू पिशवीतून माझा फराळाचा डबा काढलास.

"ताई, डबा."

उघडला तर आत साखर. जहाजावरची शेवटची, गुलजारने पुसून काढलेली. सहा माणसांनी बिनसाखरेचा चहा पिऊन माझा डबा भरला होता. कुणी करतं का रे असं? मी तिथेच तुझ्या पाठीत धपाटा घातला. सगळ्यांसमोर. खल्फान म्हणाला, "बस बहन, अभी तो लाया है."

त्याने तुम्हाला घरी नेऊन पेज खायला घातली, आधी माझ्याकडे येऊ दिलं नाही. भिजलेल्या माणसाला पेजच, म्हणाला. त्याच्या बायकोने मला रेसिपी विचारली होती, ते तुला सांगायचं राहिलं.

आज सकाळी चहा पिताना तू विचारलंस. नेमकं असं म्हणालास, "तू आता सगळं सांगितलंस, पण मला ते तेव्हा हवं होतं. तेव्हा जे पत्र लिहायचं होतं, ते लिहिशील का? आई गेल्याचं नको. त्याच्या आधीचं."

मी म्हटलं, तुला काय वेड लागलंय, आता काय उपयोग. तू बिस्कीट चहात बुडवत बसलास आणि ते तुटून कपात पडलं. लहानपणीही पडायचं. मग झोपलास.

परवा तुझं विमान आहे. नंतर परत कुठल्या तरी बोटीवर चढशीलच, मला माहीत नाही का. तेव्हा हे आत्ताच लिहिते, तारीख तेव्हाचीच घालते. खाली आहे. वाचून झालं की मला काही सांगू नकोस, नुसता स्वयंपाकघरात ये. सुकट भिजत घातली आहे.

ताई


हर्णै, ९ डिसेंबर २०२२

चि. सलील,

आईला बरं नाही. दापोलीला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय, आता घरीच ठेवा. मी मस्कतहून येऊन चार दिवस झाले. तिची खाट खिडकीशी ओढून घेतली आहे, तिथून बंदर दिसतं. सकाळी दोन चमचे पेज घेतली. तिसऱ्याला तोंड फिरवलं आणि म्हणाली, मीठ कमी आहे. म्हणजे जिभेला सगळं कळतंय अजून.

काल तुझा फोन आला तेव्हा ती झोपलेली नव्हती. माझ्याकडेच बघत होती आणि हाताने नको, नको करत होती. मी खोटं बोलले. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, आवाज कसा होता त्याचा? मी म्हटलं, चांगला होता. मग तिने मला तुझं एकेक वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

तुला कळवू नको म्हणते. समुद्रावरच्या माणसाला कळवू नये. पण दिवसभर वारा कुठला आहे ते विचारते. मी म्हटलं, उत्तरेचा, तर म्हणाली, इथला नाही गं, त्याच्याकडचा.

मी तिचं ऐकत नाहीये. तू बंदरात कधी लागशील माहीत नाही, तोपर्यंत थांबेल असं वाटत नाही. येता येणार नाही तुला, ते ठाऊक आहे. पण जहाजावरून फोन लागतो. तिचा आवाज बारीक झालाय, तरी आहे. मी फोन तिच्या कानाशी धरीन आणि बाहेर जाऊन बसेन. रडू आलं तर रड. काही सुचलं नाही तर जेवलास का ते सांग, तिला तेवढंच हवं असतं.

हाताने अजूनही नको म्हणेल. तिकडे लक्ष देऊ नकोस.

आत्ता जागी आहे. फोन कर.

ताई